चांद रेवडीवाल्यांचं खातं

आप्पासाहेबांच्या गाळ्यात टेलिफोन पुढं गादीपाशी होता आणि पूर्णिमाचं टेबल मागं, गुळाच्या ढेपांच्या थप्पीला खेटून. त्यामुळे पाळणाघरात फोन लावायचा म्हटला की तिला सगळा गाळा ओलांडून पुढं यावं लागे आणि नंबर फिरवेपर्यंत आप्पासाहेबांच्या चष्म्यासमोर उभं राहावं लागे. सकाळी एकदा, जेवणाच्या सुट्टीत एकदा, आणि मुक्ताईचं नाक वाहत असेल त्या दिवशी आणखी एकदा.

"बाई, फोन आहे तो," आप्पासाहेब एकदा म्हणाले, "पाळण्याची दोरी नव्हे."

म्हणाले खरे, पण फोन तिच्याकडे सरकवतच म्हणाले. म्हणून पूर्णिमा टिकून होती.

ती यवतमाळची, बी.कॉम. झालेली. नवरा सुदर्शन भोसरीच्या कारखान्यात, पाळीवर. कर्वेनगरात एका खोलीचं बिऱ्हाड आणि त्यात वर्षाची मुक्ताई. एका पगारात भाडं जाई, दूध जाई, आणि मग महिना संपायच्या आत पगार संपे. तेवढ्यात मार्केट यार्डातल्या या गूळ-तिळाच्या अडतीला कॉम्प्युटरवर हिशेब लिहिणारं माणूस हवं असल्याचं कळलं. दोन हजार साल लागलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, असं जो तो सांगत होता, नेमका तेव्हाच आप्पासाहेबांनी कॉम्प्युटर घेतला. स्वस्तात मिळाला म्हणून. दिवाळीच्या पाडव्याला नव्या वह्यांबरोबर त्याचीही पूजा झाली. दिवाणजी कोंडीरामांनी अक्षता अशा भक्तिभावानं टाकल्या की तांदळाचा एक दाणा बटणांच्या फटीत जाऊन बसला, तो काही निघेना.

पूर्णिमाला मात्र ते काम मनापासून आवडलं. एकीकडे मालमत्ता, दुसरीकडे देणी आणि मालकाचं भांडवल. दोन्ही बाजू सारख्या. कॉलेजात पहिल्यांदा शिकली तेव्हा तिला भांडवलाचं कोडं पडलं होतं. मालकानं स्वतःच्या दुकानात घातलेले पैसे देण्यांच्या बाजूला कसे? तर दुकान वेगळं, मालक वेगळा. दुकान मालकाचंही देणं लागतं. दुकानाचं स्वतःचं असं काहीच नाही. इकडे जे जे दिसतं, ते तिकडे कुणाचं ना कुणाचं आहे. हे एकदा डोक्यात बसल्यावर तिला त्याची गोडीच लागली. एक नोंद केली की ती दोन ठिकाणी उमटते, एक देतो, एक घेतो, मधे काही सांडत नाही. घरी तसं कुठं होतं? मुक्ताई पिते त्याहून जास्त ओकते असं तिला वाटे. ते कुठल्या बाजूला लिहायचं?

जुन्या वह्यांतली खाती उतरवून घेताना तिला ते रुपये भेटले. नाव, गाव आणि बाकी एक रुपया जमा. पुढच्या पानावर दुसरं नाव, एक रुपया जमा. कित्येक खात्यांत वर्षानुवर्षं दुसरा व्यवहार नाही, नुसता तो रुपया या वहीतून त्या वहीत ओढत आणलेला.

"दिवाणजी, हे रुपये कसले?"

कोंडीरामांनी तंबाखू मळता मळता पाहिलं. "जुनं लचांड. दर पाडव्याला ओढून ओढून माझी बोटं वाकडी झाली."

"सनदी लेखापालांच्या ऑफिसातून सांगितलंय, किरकोळ बाक्या काढून टाका म्हणून."

"मग टाका की. देव पावला म्हणायचं."

तिनं टाकल्या. एकच नोंद. सगळ्यांच्या खात्यातून तो एकेक रुपया निघाला आणि किरकोळ उत्पन्न म्हणून आप्पासाहेबांच्या नफ्यात, म्हणजे शेवटी भांडवलात, जाऊन बसला. मग तिनं सगळ्या खात्यांची तेरीज मांडली. दोन्ही बाजू पैशाला पैसा जुळल्या. त्या दिवशी तिनं घरी जाताना मुक्ताईसाठी खुळखुळा घेतला.

दिवाळीच्या आधीच एका बड्या गिऱ्हाइकानं आप्पासाहेबांना चांगलंच बुडवलं होतं, म्हणून पाडव्यापासून नवा नियम झाला: कॉम्प्युटरच्या यादीत ज्याचं खातं त्यालाच उधारी, बाकीच्यांना रोखीनं. ज्यांची बाकी शून्य ती नावं यादीत छापलीच गेली नाहीत. आप्पासाहेबांनी यादीच्या शेवटच्या पानावर सही केली आणि दिवाणजींनी ती खिळ्याला अडकवली.

डिसेंबरातल्या एका शनिवारी आप्पासाहेब बारामतीला लग्नाला गेले होते. संक्रांतीची गर्दी सुरू झाली होती. गुळाच्या वासानं माश्या आणि माणसं सारखीच घोंघावत होती. मुक्ताईला रात्री बारीक कणकण होती, त्यामुळे पूर्णिमाचा अर्धा जीव पाळणाघरात. तेवढ्यात डोक्यावरून ओढणी घेतलेली एक तिशीची बाई गादीपाशी येऊन उभी राहिली.

"शेठ नाहीत?"

"उद्या-परवा येतील. बोला ना."

"चिक्कीचा गूळ पाहिजे, पाच ढेपा. आन् तीळ एक पोतं. येरवड्याहून आले. चांद रेवडीवाले, खातं हाय आमचं. संक्रांत झाली की पैसे देते."

पूर्णिमानं यादी पाहिली, मग कॉम्प्युटरवर पाहिलं. "यादीत नाव नाही ताई. खातं बंद दिसतंय. रोखीनं देते माल."

"बंद कसं? एक रुपया जमा असंल बघा."

पूर्णिमाला एकदम आठवलं. हिचा रुपया आपण काढून घेतला आणि हिला सांगितलंही नाही! हिशेबाला हिशेब. तिनं पर्स उघडली, एक नाणं काढलं आणि बाईच्या हातावर ठेवलं.

"हा घ्या तुमचा रुपया. आता तुमचं आमचं काही राहिलं नाही."

ढेप उचलायला वाकलेला दशरथ हमाल वाकलेलाच राहिला. दोन गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. दिवाणजींना अचानक पेन्सिलीला टोक काढायचं सुचलं.

बाईनं हातावरच्या नाण्याकडे पाहिलं, मग पूर्णिमाकडे. "शेठनी सांगितलं, द्या म्हणून?"

"कॉम्प्युटरमध्ये तसंच आहे."

"बरं," बाई म्हणाली. मूठ मिटली आणि गर्दीतून सरळ निघून गेली. 

काहीतरी चुकलं एवढं पूर्णिमाला कळलं. मुलाला ताप भरायच्या आधी जसं कळतं तसं, थर्मामीटर न लावता. पण काय चुकलं ते कळेना. आप्पासाहेब लग्न आटोपून संध्याकाळीच परत आले, तेव्हा तिनं विचारलं, "रुपया मी माझ्या पर्समधला दिला. तो कुठं लिहू?"

"कसला रुपया?"

तिनं सांगितलं. सांगता सांगता त्यांचा चेहरा बघून तिचा आवाज बारीक होत गेला.

"तुम्ही तिच्या हातात रुपया ठेवलात," आप्पासाहेब हळू म्हणाले. "चांदच्या बायकोच्या. जिनतच्या."

"तो तिचाच होता ना…"

"तिचाच होता. म्हणून तर ठेवला होता." त्यांनी चष्मा काढला. "बाई, आमच्या वडिलांपासूनची रीत आहे. गिऱ्हाइकाची उधारी पुरती फिटली की एक रुपया जास्तीचा मागून घ्यायचा आणि जमा ठेवायचा. म्हणजे आपण त्याचं देणं लागतो. देणं लागतो म्हणजे तो दारात आला की 'या' म्हणायचं. रुपया परत हातावर ठेवला, तर त्याचा अर्थ सगळ्या यार्डात एकच. पुन्हा या पायरीवर येऊ नका."

पूर्णिमानं मागं वळून कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"दोन वर्षांपूर्वी चांद नगर रोडला टेम्पोखाली गेला. महिन्या-दीड महिन्यानं ही बांगड्या मोडून आली, पै न् पै चुकती केली. मी वरचा रुपया मागितला. नवरा गेलेल्या बाईकडून रुपया मागताना मला काय गोड वाटलं असेल? पण मागितला, का, तर उद्या तिनं भट्टी पेटवायची म्हटली तर तिला दार उघडं असावं. आणि तो रुपया तुम्ही टाकलात कुठं?"

"किरकोळ उत्पन्नात. म्हणजे… तुमच्या भांडवलात."

"माझ्या. वा! श्रीमंत केलंत मला."

"दोन्ही बाजू जुळत होत्या, आप्पासाहेब."

"जुळणारच. चोरानं दोन्हीकडे लिहिलं तर चोरीसुद्धा जुळते."

पूर्णिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवाणजी घाईनं म्हणाले, "मी कुठं म्हटलं टाका? मी म्हटलं, बघा काय ते."

"तुम्ही पेन्सिलीला टोक काढा," आप्पासाहेब म्हणाले. मग खिळ्यावरची यादी काढून शेवटचं पान बराच वेळ बघत बसले. "सही माझी आहे," ते म्हणाले, आणि तो विषय तिथं थांबला.

बाकीच्यांची उलटी नोंद करायला वेळ लागला नाही. सगळे रुपये भांडवलातून निघून आपापल्या खात्यात परत गेले, नावं पुन्हा यादीत उमटली. चांद रेवडीवाल्यांच्या खात्याला मात्र ते औषध लागू पडेना. तिथं रुपया खरोखर बाहेर गेला होता. कागदावर उलटं लिहून तो आत येणार नव्हता.

"तुमच्या पर्समधला आणखी एक टाका," दिवाणजी कुजबुजले. "कोण बघतंय?"

पूर्णिमानं तेही मनात लिहून पाहिलं. रोख आली, ठीक. पण कुणाकडून? देणाऱ्याच्या जागी जिनतचं नाव लिहायचं आणि दिलेला आपण? ती नोंदही जुळली असती. जुळणाऱ्या नोंदींची तिला आता धास्ती बसली होती.

"मी जाऊ का तिच्याकडे?" तिनं विचारलं.

"तुम्हीच जा," आप्पासाहेब म्हणाले. "मी गेलो तर गल्लीत बोभाटा होईल, अडत्या वसुलीला आला म्हणून. आणि लवकर जा. संक्रांतीचा गूळ आत्ता नाही मिळाला तर तिचं वर्ष गेलं."

रविवारी पाळणाघर बंद, सुदर्शन पहिल्या पाळीला. पूर्णिमानं मुक्ताईला स्वेटर, टोपी, मोजे, वरून शाल असं बांधलं, पिशवीत उकळलेलं पाणी, तापाचं औषध, दोन जोड कपडे भरले आणि महापालिकेपाशी बस बदलून येरवडा गाठलं. चांद रेवडीवाले म्हटल्यावर एका पोरीनं बोट दाखवलं.

एकच खोली. दारातच स्टोव्ह, त्यावर कढईत पाक उकळत होता. पूर्णिमानं आधी तेवढंच पाहिलं: उकळता पाक, दारातला स्टोव्ह, आणि मुक्ताईचा तिकडे झेपावणारा हात. तिनं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

जिनतनं मान वर केली. ओळखलं. "तुम्ही? आता काय राहिलं? वसुलीला आल्या का? रुपया परत पाहिजे?"

वाटेत सगळ्या बसमध्ये पूर्णिमानं चार वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवेना.

"हो," ती म्हणाली. "परत पाहिजे."

जिनतचा झारा हवेतच थांबला. आत खाटेवर बसलेल्या म्हातारीला, तिच्या सासूला, शकीलाला, हसू फुटलं. "अगं, तो? त्याची मी काडेपेटी आणली. स्टोव्ह कशानं पेटवलाय?"

"अम्मी, तुम्ही गप बसा."

"मी कशाला गप बसू? रुपयासाठी घर विचारत आली पोरगी, लेकरू घेऊन. ये गं, आत ये. लेकराला किती गुंडाळलंय! घामानं जाईल की ती. दे इकडं."

मुक्ताई म्हातारीकडे गेली आणि रडली नाही. पाळणाघरात रोज रडते. पूर्णिमाला ते बरंही वाटलं आणि थोडं लागलंही. ती उंबऱ्याच्या आत बसली, कढई आणि लेक दोन्ही दिसतील अशी.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "शेठना माहीत नव्हतं. तुमचा रुपया दुकानाकडे होता, म्हणजे दुकान तुमचं देणं लागत होतं. ते देणं मी पुसलं आणि शेठचा नफा म्हणून लिहिलं. मला वाटलं, रुपयानं काय होतंय."

"आन् मग परत कशाला दिला?"

"तुमचा होता म्हणून. मला रीत माहीत नव्हती. इथली नाही मी."

"चार माणसांत दिला," जिनत म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण झारा कढईच्या काठावर आपटला. "तो हमाल ओळखतो मला. चांदच्या मयताला आला होता. त्याच्यापुढं दिला. घरी येईपर्यंत वाटलं, शेठलाच सांगायचं होतं असं, बाईच्या तोंडून सांगितलं. बाईमाणूस काय भट्टी चालवणार म्हणून."

"नाही. देवाशपथ नाही."

"एवढं शिकलेल्या तुम्ही. लिहिताना कळलं नाही?"

"दोन्ही बाजू जुळत होत्या."

जिनतनं पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकला. बोटांनी चाचपला. थेंबाची कडक गोळी व्हायला हवी होती, तो पाण्यात मऊ पसरला. "हे बघा. वाण्याकडून किलो-किलो आणलेला गूळ. माप तेच, तीळ तेच, जाळ तोच. वडी बसत नाही. काल सगळा घाणा वाया गेला. दुकानदारांनी सांगून ठेवलंय, ह्या वर्षी माल नाय दिला तर पुढल्या वर्षी दुसरा बघू." ती बोलता बोलता थांबली. हे आपण हिला कशाला सांगतोय, असं तिला वाटलं असावं.

"उद्या या," पूर्णिमा म्हणाली. "माल काढून ठेवतो. फक्त तो रुपया…"

"इथं नाय देणार." जिनत तिच्याकडे न बघता म्हणाली. "चार माणसांत दिला, चार माणसांत घ्यायचा. शेठनी घ्यायचा, हात पुढं करून. तुमच्या मशिनीनं नाय."

"या मग. याल ना?"

"बघू. आले तर आले."

मुक्ताईच्या मुठीत तीळ होते. ते तोंडात गेले, नाकात तर नाही ना गेले, म्हणून पूर्णिमानं धाव घेतली. शकीलानं तिचा हात बाजूला केला. "दोन तिळांनी काय होत नाय. मी चार वाढवलीत." मग थोडं थांबून, "तीन राहिलीत," म्हणाली, आणि मुक्ताईचं तोंड आपल्या पदरानं पुसलं.

सोमवारी पूर्णिमानं सकाळचा फोन केला नाही. आप्पासाहेबांनी दोनदा फोनकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. पाच ढेपा आणि तिळाचं पोतं बाजूला काढून ठेवलं होतं. दहा वाजले, अकरा वाजले. टेम्पो आले, गेले. एका गिऱ्हाइकानं त्या ढेपा मागितल्या.

"विकल्यात," आप्पासाहेब म्हणाले.

"कुणाला?"

"येणाऱ्याला."

जेवणाची सुट्टी झाली. दिवाणजी डबा उघडत म्हणाले, "येत नाही आता. मानी माणसं ती." पूर्णिमानं पोळी तशीच ठेवून डबा झाकला. तिच्या डोळ्यांपुढं ती वाटी होती, पाण्यात पसरणारा मऊ थेंब.

दुपार कलल्यावर गाळ्याच्या तोंडाशी एक रिक्षा थांबली. जिनत उतरली. आज बरोबर शकीलाही होती, साक्षीला असावी तशी ताठ. गाळ्यात गिऱ्हाईक होतं, दशरथ होता, शेजारच्या गाळ्याचे दोघे वजनाच्या काट्याशी रेंगाळत होते. जिनतनं माणसं पाहून घेतली. पुरेशी होती.

आप्पासाहेब गादीवरून उठले. गुडघे धरून उठले, त्यामुळे वेळ लागला. "या," ते म्हणाले.

जिनतनं ओढणीच्या गाठीतून चार-चार आण्यांची चार नाणी काढली. आप्पासाहेबांनी हात पुढं केला, घेतली, मोजली आणि मागं वळून मोठ्यानं म्हणाले, "बाई, लिहा. चांद रेवडीवाले, येरवडा. एक रुपया जमा."

पूर्णिमानं लिहिलं. रोख आली, एक रुपया. दुकान चांद रेवडीवाल्यांचं देणं लागलं, एक रुपया. ह्या वेळी बाजू जुळल्या की नाही ते तिनं पाहिलंच नाही, देणारीकडे पाहिलं.

"खातं चांदच्याच नावावर राहू दे?" आप्पासाहेबांनी विचारलं.

जिनतनं थोडा विचार केला. "नाव तेच ठेवा. गिऱ्हाईक त्याच नावानं येतं. खाली माझं लिहा. सही मी करीन."

"दशरथ, माल चढव."

दशरथनं पहिली ढेप उचलली. जिनत पुढं झाली, तिनं ढेपेवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान जवळ नेला, मग एक कपचा मोडून जिभेवर ठेवला. सगळा गाळा तिच्याकडे बघत होता.

"ही नको," ती म्हणाली. "ओली हाय. असला माल दुसऱ्याला विका."

दिवाणजींचा आ वासला. आप्पासाहेबांचा चेहरा मात्र दोन दिवसांत पहिल्यांदाच सैल पडला.

"ऐकू येत नाही का?" ते दशरथवर ओरडले. "बाईंना आतली दाखव, मागच्या थप्पीची."

"तीपण फोडून बघणार," जिनत म्हणाली, आणि पूर्णिमाच्या टेबलाला वळसा घालून मागं थप्पीकडे गेली.